बुधाचा डावा अंगठा

रामकिसन पहिल्यांदा मेला तो फेब्रुवारीतल्या एका रविवारी, टळटळीत उन्हात, आणि मेल्यामेल्या त्याला शिंक आली.

"काका, मेलेला माणूस शिंकतो का?" पुतण्या स्वराज मोबाईल खाली घेत वैतागला.

"साहेबानं सांगितलं तर शिंकतो की," रामकिसन पडल्यापडल्या म्हणाला. सगळे खो खो हसले आणि ते वाक्य पिक्चरमध्ये तसंच राहिलं.

पिक्चरचं नाव 'मयत हजर'. सतरा मिनिटांचा. तारापूर एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कंपनीतल्या पाचसहा कामगारांनी सुरक्षा सप्ताहाच्या स्पर्धेसाठी चार रविवार घालवून काढलेला. कंपनीचं नाव सांगत नाही. नाव सांगून आजवर कुणाचं भलं झालंय? तिच्या गेटावर एक मोठा फलक आहे. 'अपघातविरहित दिवस', आणि पुढे आकडा. रोज सकाळी आकडा एकाने वाढतो. कुणाचा पाय भाजो, कुणाचं बोट जावो, वाढतोच. कारण तिथली रीतच तशी. जखमी माणसाला दुसऱ्या दिवशी कंपनीची गाडी घरून उचलून आणते, हजेरीच्या मशीनवर त्याचा अंगठा लावून घेते आणि पाळी संपेपर्यंत खुर्चीत बसवून ठेवते. माणूस कामावर हजर, म्हणजे एकही दिवस बुडाला नाही, म्हणजे अपघात झालाच नाही. आहे की नाही बिनतोड? मागल्या वर्षी ऍसिडने दोन्ही पाय सोलवटलेला एक गडी अकरा दिवस असा खुर्चीत बसला होता. त्याला वारा घालायला एक माणूस दिला होता, इतकी माया.

स्वराज प्रयोगशाळेत कामाला. डोकं त्याचं. तो म्हणाला, काका, जखमी माणूस हजर राहू शकतो, तर मेलेला का नाही? झालं, पिक्चर तयार. मेलेल्या कामगाराचं सोंग रामकिसनने घ्यायचं. परभणीकडचा माणूस, गावात होता तोवर सोंगं करायचा, आता बावीस वर्षं सरावलीच्या खोलीत राहून सोंगं विसरला होता. पिक्चरमध्ये फलकावर हजार दिवस व्हायला आठवडा उरलेला असतो आणि हा मरतो. मग साहेब त्याला रोज उचलून आणतात, अंगठा लावतात. मीटिंगला बसवतात, तर सगळ्यांत शहाणा हाच, कारण मधे बोलत नाही. कंपनीची सहल घिवलीच्या किनाऱ्यावर नेतात, रस्सीखेच लावतात, तर मयताची बाजू जिंकते, कारण मयत तसूभर हलत नाही. शेवटी त्याला बढती मिळते.

आणि मशीन? खरं मशीन शूटिंगला कोण देणार? ते काम बुधाने केलं. बुधा मासवणकडचा, वारली. पावसाळ्यात घरची भातशेती करायचा आणि बाकीचे महिने ठेकेदाराकडून कंपनीत यायचा. पस्तिशीचा, सडसडीत, अबोल. पण त्या दिवशी स्वतःहून पुढे आला. "दादा, मशीनीचा आवाज मी काडू? माला येतो." बिस्किटांचा रिकामा डबा तोंडापुढे धरून त्याने बारीक, गोड आवाज काढला, "थँक यू." हुबेहूब! मग जरा थांबून, "प्लीज ट्राय अगेन." रामकिसन मेलेला असूनही पोट धरून हसला. पिक्चरमध्ये मयताचा अंगठा गार पडल्यामुळे मशीन घेत नाही, तेव्हा साहेब तो अंगठा कोमट चहाच्या कपात बुडवून काढतात. ही युक्ती रामकिसनची. मग मशीन म्हणतं, थँक यू. सगळ्यांत मोठा हशा तिथे होता.

व्हायचा होता, असं म्हणा. मार्चमध्ये कॅन्टीनमध्ये पिक्चर दाखवला तेव्हा पहिली दोन मिनिटं कामगार हसले. मग त्यांचं लक्ष पुढच्या खुर्चीवर बसलेल्या कमलाकांत साहेबांकडे गेलं. कमलाकांत साहेब म्हणजे प्लांटचे मुख्य. कोणालाही काढून टाकायच्या आधी ते टायच्या टोकाने चष्मा पुसत आणि म्हणत, "आपण एक फॅमिली आहोत." पिक्चरमधला साहेब तसाच चष्मा पुसत होता. खरे साहेब हसत नव्हते. हळूहळू सगळं कॅन्टीन गप्प झालं आणि चहाचा विनोद मुकाट वाया गेला. बक्षीस घोषवाक्याला मिळालं. यूट्यूबवर एकसष्ट वेळा बघितला गेला, त्यातल्या तीसेक वेळा तर रामकिसनची बायको गोजराबाईच होती. ती प्रत्येक वेळी रडायची. "लोकं मरायला मिळालं नाहीत का तुमाला? स्वतःच कामून मेलात?" असं म्हणून पुन्हा बघायची.

आठच दिवसांत नवापूर नाक्यावर स्वराजला दोघांनी गाठलं. गाडीवरून खाली ओढला, पोटात लाथा घातल्या, समोरचा दात पाडला आणि मोबाईल दगडाने ठेचला. दोघंही ठेकेदाराचा मुकादम प्रीतम याची माणसं. हा प्रीतम सहा फुटी, मनगटात कडं, कामगाराशी बोलायच्या आधी त्याच्या कानाखाली वाजवायची सवय. "हीरो," तो दुसऱ्या दिवशी रामकिसनला म्हणाला, "भतीजे को बोल, पिक्चर हटा दे." पिक्चर यूट्यूबवरून गेला. रामकिसनची बदली सेंट्रिफ्यूजवर झाली, बुधाच्या जोडीला.

सेंट्रिफ्यूज म्हणजे ओला माल गरागरा फिरवून कोरडा करणारं लोखंडी पिंप. झाकण उघडलं की ते थांबायला हवं. पण थांबलं की पुन्हा वेग धरायला वेळ जातो, म्हणून झाकणाचा स्विच तारेने बांधून टाकलेला. झाकण उघडं, आत पिंप भणाणतंय, आणि बुधा लाकडी खरवड्याने भिंतीला चिकटलेला माल काढतोय. रामकिसनने दोनदा वर सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा प्रीतमने त्याला गचांडी धरून भिंतीवर आपटलं. "तार निकालेगा तो हात निकाल दूँगा."

फलकावर नऊशे नव्याण्णव होते त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी हजार. मांडव पडला होता, मुंबईहून मोठे लोक येणार होते, केक सांगितला होता.

दुपारी सव्वाबाराला खरवडा आत अडकला. लाकूड कडाडून मोडलं आणि बुधाचा उजवा हात त्याच्यामागे आत गेला. रामकिसनने पाठ फिरवून बंद करायचं बटण दाबलं तेवढाच काय तो वेळ. बुधा ओरडलासुद्धा नाही. तो पिंपाच्या कडेवर आपटला, गरकन वळला आणि मागे फेकला गेला. हात कोपराखाली नव्हता. रक्त छताच्या पत्र्यापर्यंत उडालं होतं.

रामकिसनच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली: याला इथून बाहेर काढायचा, आत्ताच्या आत्ता. त्याने पट्टा काढून दंडाला करकचून आवळला. धावत आलेल्या स्वराजने, पिंप थांबल्यावर, आत वाकून हात काढला. होय, काढला. तेवीस वर्षांचं पोरगं ते, ओकत ओकत काढला, मालाच्या स्वच्छ पिशवीत घातला, वर कॅन्टीनमधला बर्फ ओतला. कुठेतरी वाचलं होतं म्हणे, हात जोडता येतो.

"दादा," बुधा म्हणाला. ओठ पांढरे पडले होते. "ठकीला सांगू नको. ती भिल."

"गप. बोलू नको लेका. दहा मिन्टात दवाखाना."

स्ट्रेचरवर घालून दोघे त्याला गेटापर्यंत घेऊन आले तेव्हा बारा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. गेट बंद. कुलूप. आत कंपनीची जीप उभी, पण चालक खाली उतरून लांब उभा. आणि गेटासमोर प्रीतम, हातात किल्ली.

"पहले पंच आउट," प्रीतम म्हणाला.

रामकिसनला कळेचना. "काय?"

"अंगूठा लगाके बाहर जाएगा. अपने पैरों से गया. बाहर टँकर ने उडाया. समझा?"

रामकिसनने स्ट्रेचर खाली ठेवलं. रागाने त्याचे कान बधिर झाले. तो प्रीतमच्या अंगावर गेला आणि दोन पहारेकऱ्यांच्या काठ्या त्याच्या खांद्यावर बसल्या. हाड मोडल्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. तरी तो मागे फिरून बुधाच्या अंगावर पसरला, त्याच्या उरलेल्या डाव्या हाताला कुणाला शिवू देईना. मग प्रीतमने स्वराजच्या हातातली पिशवी बघितली.

त्या पिशवीसाठी जी ओढाताण झाली ती सांगायला लाज वाटते. स्वराजने ती पोटाशी कवटाळली. प्रीतमने त्याच्या तोंडावर गुडघा मारला, एकदा, दोनदा, उरलेले दात रक्तात आले, तरी पोरगं सोडेना. तिसऱ्यांदा सोडली. रामकिसन एका हाताने उठला. जीपच्या मागे पडलेला पाना त्याच्या हाताला लागला आणि त्याने तो सगळा जीव एकवटून प्रीतमच्या जबड्यावर घातला. जबडा लाकूड फुटावं तसा फुटला. प्रीतम खाली बसला. पिशवी मात्र पहारेकऱ्याने उचलली होती. रामकिसनवर पुन्हा काठ्या पडल्या, पाठीवर, नडगीवर, डोक्यात, आणि तो मातीत तोंड खुपसून पडला. तिथून त्याला साहेबांचे बूट दिसले.

कमलाकांत साहेब टायच्या टोकाने चष्मा पुसत होते.

"रामकिसन," ते अगदी हळू बोलले, "तुमची फिल्म मी अकरा वेळा पाहिली. लोकांना तिची किंमत कळली नाही. मला कळली. फार प्रॅक्टिकल आहे."

रामकिसनला वाटलं, आपण भोवळीत काहीतरी भलतंच ऐकतोय.

गेटाबाहेर, ठेका कामगारांच्या रांगेसाठी पत्र्याच्या शेडखाली मशीन आहे. पहारेकऱ्याने छोट्या दारातून बाहेर जाऊन पिशवीतला हात काढला आणि अंगठा काचेवर टेकवला.

"प्लीज ट्राय अगेन," मशीन म्हणालं.

पँटला पुसून पुन्हा टेकवला.

"प्लीज ट्राय अगेन."

"गार आहे," साहेब म्हणाले. "चहा मागवा. कोमट."

रामकिसन किंचाळला. ते शब्द नव्हते, नुसतं गुरासारखं ओरडणं होतं. आपणच लिहिलं हे, आपणच हसलो, चार रविवार. त्या क्षणी त्याला मरून जावंसं वाटलं, खरंखुरं. कॅन्टीनमधून चहा यायला सात मिनिटं लागली. सात मिनिटं बुधा मातीत पडून होता आणि पट्ट्याखालून रक्त झिरपत होतं. मग चहात बुडवलेला अंगठा काचेवर टेकला.

"थँक यू," मशीन म्हणालं.

बुधाने डोळे किलकिले केले. ओठ हलले. तो हसला असावा, असं रामकिसन आजही सांगतो. "माजाच आवाज," बुधा पुटपुटला.

बारा चाळीसला गेट उघडलं. बोईसरच्या दवाखान्यात पोचले तेव्हा डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली आणि मान हलवली. वीस मिनिटं आधी आणला असता तर, इतकंच ते बोलले.

शव पालघरला चिरफाडीसाठी गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ठकी आली, बुधाची बायको. काळीसावळी, लहानखुरी, पायात चप्पल नाही. सोबत तिचा भाऊ आणि गावची चार माणसं. गोजराबाई तिच्याशेजारी पायरीवर बसली. रामकिसनचा हात गळ्यात बांधलेला, डोक्याला टाके, चेहरा सुजून भोपळा. प्रीतमने दवाखान्यातून तक्रार लिहून दिली होती की रामकिसनने कामावर रागाच्या भरात हल्ला केला. संध्याकाळपर्यंत त्याला ठाण्यात हजर व्हायचं होतं. त्याची त्याला फिकीर नव्हती. ठकीकडे बघायची हिंमत होत नव्हती.

कंपनीचा एक माणूस कागद घेऊन आला. नम्रपणे बोलला. बारा चाळीसला तुमच्या नवऱ्याने अंगठा लावून सुट्टी घेतली, ताई. रेकॉर्ड आहे. पुढे रस्त्यावर टँकरने दुर्दैवी प्रकार केला. कंपनी माणुसकी म्हणून शववाहिका देतेय. इथे सही करा.

ठकीने कागदाला हात लावला नाही. तो माणूस गेल्यावर ती रामकिसनकडे वळली.

"दादा, टँकर खरा?"

"नाय गं माय." आणि त्याने सगळं सांगितलं. तार, खरवडा, गेट, पिशवी. चहापाशी तो तिच्या पायांशी वाकला. "चहाचं मीच काढलं होतं ठकी. हसायसाठी. माझ्याच पिक्चरमदी होतं ते. मला मार, जोड्यानं मार."

ठकीने त्याला मारलं नाही. ती म्हणाली, "दाकवा माला ता पिक्चर."

गोजराबाईच्या मोबाईलमध्ये पिक्चर उतरवून ठेवलेला होता. ठकीने तो शवागाराच्या पायरीवर बसून बघितला. बिस्किटांच्या डब्यामागून नवऱ्याचा आवाज आला तेव्हा तिने स्क्रीनवर बोट ठेवलं. एकदाही रडली नाही. सतरा मिनिटं संपली.

"मंजे मशीन सांगल ताच खरा," ती म्हणाली.

"हो. कोर्टातबी तेच चालतंय."

"मशीनीला मानूस जिता का मेला, कलत नाय?"

"नाय."

"आन दुसरा आंगठा? लावला हाय का तिच्यात?"

रामकिसन चमकला. ऍसिडने कातडी सोलली की मशीन अंगठा ओळखत नाही, म्हणून तारापुरात सगळ्यांचे दोन्ही अंगठे नोंदवून घेतात. बुधाचा डावाही नोंदवलेला होता. स्वराजनेच नोंदवला होता, दिवाळीनंतर; कॉम्प्युटर येतो म्हणून ते काम त्याच्यावर टाकलेलं.

"हाय," तो म्हणाला.

"मंग मशीनीलाच सांगू," ठकी म्हणाली. "तो कामावर मेला. कामावरच जाल."

शववाहिका दोनला निघाली; रामकिसनही मागे बसला. मनोर रस्त्याच्या वळणावर चालकाने मासवणच्या बाजूला गाडी वळवायला घेतली. मागून ठकीने काच वाजवली. "बोयसर," ती म्हणाली. चालक काकुळतीला आला, मला ऑर्डर नाही म्हणाला. तिच्या भावाने चालकाशेजारी बसून त्याच्याकडे नुसतं पाहिलं. गाडी बोईसरकडे वळली.

तीनला पाळी बदलते. गेटाबाहेर साठसत्तर ठेका कामगारांची रांग लागली होती. आत मांडवात झेंडूच्या माळा, फलकावर लाल रंगात १०००, आणि पाहुण्यांसाठी लावलेल्या मोठ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'आत्ता हजर', आणि मशीनवर अंगठा पडेल तसा वाढणारा आकडा. कमलाकांत साहेबांची कल्पना. कामगार किती उत्साहाने येतात ते पाहुण्यांना दिसावं.

गाडी थांबली आणि मागचं दार उघडलं. रांगेला क्षणभर कळलं नाही. मग पुढचा एक बिहारी म्हातारा डोक्यावरचं हेल्मेट काढून बाजूला झाला. "लाइन दो भाई," तो म्हणाला, "बुधा की ड्यूटी है."

प्रीतमची चार माणसं काठ्या घेऊन धावली. पहिली काठी ठकीच्या भावाच्या डोक्यात बसली आणि तो खाली गेला. दुसरी रामकिसनच्या मोडक्या खांद्यावर पडली. त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, पण त्याने स्ट्रेचरचा दांडा सोडला नाही. आणि मग ती रांग, जी कॅन्टीनमध्ये साहेबांच्या तोंडाकडे बघून गप्प झाली होती, ती रांग फुटली. स्टीलचे डबे, हेल्मेटं, बूट. डब्याचा घाव डोळ्यावर बसला आणि एकाचा डोळा मिटला तो मिटलाच. दुसऱ्याला तिघांनी गटारात लोटून वरून लाथा घातल्या. तिसऱ्याची काठी काढून त्याच्याच पाठीवर मोडली. चौथा गेटावर चढून आत पळाला. हे चांगलं झालं असं कुणी म्हणू नये. पण रामकिसनला चांगलं वाटलं. रक्ताळलेल्या दातांनी तो हसत होता.

ठकीने या सगळ्याकडे बघितलंच नाही. तिने चादर बाजूला केली, बुधाचा डावा हात उचलला आणि अंगठा काचेवर टेकवला.

"प्लीज ट्राय अगेन."

मारणारे थांबले, मार खाणारे थांबले. कुणीतरी मागून ओठातल्या ओठात 'चाय' म्हणालं आणि त्याच्या तोंडावर दुसऱ्याचा हात पडला.

ठकीने तो अंगठा दोन्ही तळव्यांत धरला. चोळला. तोंडाशी नेऊन त्यावर ऊन श्वास सोडला, एकदा, पुन्हा, पुन्हा, तापल्या लेकराच्या कपाळावर बाई फुंकर घालते तसं. बराच वेळ. मग तिने तो पदराने पुसला आणि हलकेच टेकवला.

"थँक यू," मशीन म्हणालं.

तो बारीक, गोड आवाज ऐकला आणि ठकी पहिल्यांदा रडली. मोठ्याने, गळा काढून. रामकिसनही रडला. तीन वाजून चार मिनिटं झाली होती.

आतल्या पडद्यावर आकडा एकाने वाढला आणि शेजारी फोटो उमटला: बुधा, गंभीर चेहरा, कॉलरचं बटण लावलेलं. मुंबईच्या पाहुण्यांनी नाव वाचून टाळ्या वाजवल्या. मग त्यांतली एक बाई गेटाच्या जाळीतून बाहेर बघायला आली आणि जागच्या जागी थिजली.

कमलाकांत साहेब धावत आले. माणसं नव्हती, काठ्या नव्हत्या, दोन पावलांवर पाहुणे उभे. त्यांचा हात टायकडे गेला. चष्मा काढला, पण पुसता येईना.

"हे काय चालवलंय? घेऊन जा त्याला इथून!"

"कसा नेनार?" ठकीने डोळे पुसले आणि स्ट्रेचर गेटाला टेकवलं, आत शिरायच्या वाटेवर, बरोबर मधोमध. "तो कामावर हाय. मशीनीनं सांगला. आता तुमीच काडा त्याला भायेर."